तुमचं वायफाय हळू चालतंय

वायफायच्या कनेक्शनबरोबर आम्हाला एक लँडलाइन फुकट मिळाली होती. तिच्यावर एके दिवशी एका बाईंचा फोन आला. "ताई, तुमचं वायफाय आज हळू चालतंय. डबा जरा बंद करून चालू करता का?"

कुणीतरी थट्टा करतंय असं समजून मी "करते हं" म्हणाले आणि फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी दुसरा आवाज, "सिरियल अडकतीय हो." तिसऱ्या दिवशी तिसऱ्या बाईने तर झापलंच, "दुपारी बंद का ठेवता?" आमचं वायफाय वापरायचं आणि आमच्यावरच डाफरायचं! माझं डोकं फिरलं.

त्याच आठवड्यात माझे मॅनेजर निरंजन सर यांचा मेल आला. चऱ्होलीतल्या घरी बसून मी विम्याचे क्लेम तपासते. लोकांचे आजार, बँकेचे नंबर, सगळं माझ्या स्क्रीनवर असतं. आणि आमच्या वायफायवर कंपनीला चौतीस मोबाइल सापडले होते. सोमवारी पुन्हा तपासणी. माझ्या लॅपटॉपशिवाय काहीही दिसलं, तर घरून काम बंद आणि रोज हिंजवडीच्या ऑफिसात हजर. जाऊन-येऊन चार तास, घरात दीड वर्षाची लेक. म्हणजे नोकरी सोडा, असाच त्याचा अर्थ होता.

"सोडून दे की," सासरे म्हणाले. अर्जुनरावांना, म्हणजे आमच्या अण्णांना, ती बातमी जरा जास्तच आवडली होती. "आपल्याला काय कमी हाय?" हे बोलताना ते मोबाइलवर बैलगाडा शर्यत बघत होते. माझ्याच वायफायवर.

शनिवारी मी पासवर्ड बदलला. दहा मिनिटांत लँडलाइन वाजली.

"नवा पासवर्ड काय गं?"

"कोण बोलतंय? पोलिसांत देईन!"

"अगं, मी मागच्या गल्लीतली कौशल्याबाई. आम्हाला वाण मिळालंय की!"

मी सासूबाईंकडे पाहिलं. छबूबाई खाली मान घालून लसूण सोलत होत्या. फारच भराभर सोलत होत्या.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला या बाईने यंदा वायफाय लुटलं होतं! तिळगुळाच्या प्रत्येक पुडीत झेरॉक्स काढलेली चिठ्ठी. वर पासवर्ड, खाली 'अडचण आल्यास' म्हणून लँडलाइनचा नंबर.

"आई, वाण म्हणून पासवर्ड वाटतं का कुणी?" मी ओरडलेच.

"वाट्या समद्याच देत्यात," त्या म्हणाल्या. "तीस वर्सं यांच्याम्होरं हात पसरून वाण आणलं. गाळणी आणली तरी 'एवढ्या कशाला?' यंदा म्हनलं, सुनंच्या पगारातलं वाटावं. जरा मिरवावं."

आता ओरडू की यांच्या गळ्यात पडू, मला कळेना.

"पण दिलेलं वाण माघारी घेत्यात व्हय?" त्या पुढे म्हणाल्या. "नवा पासवर्ड दे, मी सांगते समद्यांना. गल्लीत त्वांड दाखवायचंय मला."

"दे गं," अण्णा बाहेरून आले. त्यांच्या मोबाइलवर नुसतं चक्र गोल गोल फिरत होतं. "मलाबी दे. न्हाईतरी नोकरी सोडायचीच हाय."

मी सासूबाईंसमोर बसले आणि सोमवारचं सगळं सांगितलं. एकसुद्धा मोबाइल दिसला तर पगार नाही, पगार नाही तर वायफायही नाही. त्यांनी लसूण बाजूला सारला, हात पदराला पुसले आणि फोन मांडीवर घेतला.

"कौशल्या, मी छबू. वाण माघारी घेतीया. व्हय, माघारी. सुनंची नोकरी हाय त्याच्यावर."

मग दुसरी, मग तिसरी. कुणी हसलं, कुणी टोमणा मारला, एकीने तर "देता येत न्हाई तर देऊ नये" असं सुनावून फोन आपटला. सासूबाईंचे कान लाल झाले, पण त्यांनी एकही नाव गाळलं नाही.

"झालं का?" अण्णा मोबाइल पुढे करत म्हणाले. "आता माझा पासवर्ड."

"मला काय माहीत?" सासूबाईंनी रिसीव्हर ठेवला. "मी तीस वर्सं तुमच्याकडं मागितलं. आता तुमी तिच्याकडं मागा."

अण्णांनी आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"देतीस का गं?"

"न्हाई," मी त्यांच्याच भाषेत सांगितलं.