दोरावरचं नाव

बर्फावर पाऊल ठेवायच्या आधीच मोरागनं माझ्या नवऱ्याला दोनदा झापलं होतं, आणि मला मनातून बरं वाटलं होतं. मोराग आमची गाइड, स्कॉटलंडची, माझ्या निम्म्या वयाची. नॉर्वेमधलं एक प्रचंड बर्फाचं पठार पाच दिवसांत चालत ओलांडायचं, अशी ती मोहीम. ब्याण्णव साली कॉव्हेंट्रीच्या लायब्ररीत तिचं पत्रक दिसलं आणि आमच्या डॉक्टरसाहेबांच्या डोक्यात शिरलं ते निघेचना. त्यांना एकट्याला पाठवणं शक्यच नव्हतं. हा माणूस चालताना खाली बघत नाही. ढग बघतो, पक्षी बघतो, लोकांच्या घरांची धुराडी बघतो. कौन्सिलनं घरासमोर खणलेल्या खड्ड्यात हे भर दुपारी पडले होते. यांना धड परत आणायचं, एवढ्यासाठी मी पन्नाशीत बुटांना काटे बांधले.

"भेगांवर बर्फाचं पातळ झाकण असतं," मोरागनं बजावलं. "वरून कळत नाही. पुढच्याच्या पावलावरच पाऊल टाकायचं. कुणाचं चुकतंय असं दिसलं, तर त्याचं नाव ओरडायचं. नाव ऐकलं की सगळ्यांनी जागीच थांबायचं, हातातली बर्फाची कुऱ्हाड रोवायची, दोर ताणून धरायचा."

एका दोरावर आम्ही पाच जण. पुढे मोराग, मागे लेन आणि पॅट हे कॉव्हेंट्रीचंच निवृत्त जोडपं, मग हे, शेवटी मी. मोरागनं मला मुद्दाम यांच्या मागे ठेवलं होतं.

"तू यांना काय हाक मारतेस?" तिनं विचारलं.

"अहो," मी म्हटलं. खरं तेच सांगितलं.

"आहो! छान आहे. छोटं नाव."

हे शेजारी उभे राहून गालातल्या गालात हसले. चूक सुधारायची म्हणून तोंड उघडलं नाही.

झालं. "आहो, टी!" "आहो, माइंड युअर फीट!" बावीस वर्षं जो शब्द माझ्या एकटीचा होता, तो त्या तिघांच्या तोंडी रुळला. आणि हे प्रत्येकाला खुशाल ओ देत होते! माझं डोकं फिरायचं.

पण राग धरून ठेवायलासुद्धा तिथे जागा नव्हती. मी रेडिओग्राफर, मला वर्णनं जमत नाहीत. झाड नाही, तार नाही, पक्षी नाही. नुसतं पांढरं, आणि त्यावर आभाळ. एक काळा सुळका अर्ध्या तासावर वाटला. दिवसभर चाललो, तंबू ठोकले, तरी तो होता तिथेच. पायांखाली खोलवर मधूनच काहीतरी कडाडायचं आणि आम्ही पाचही जण आपोआप हलकं पाऊल टाकायचो.

एका उघड्या भेगेपाशी मोरागनं एकेकाला पालथं झोपून आत बघायला लावलं. कडेला फिकट निळा, मग गडद, मग असा निळा, जणू एक्स-रे बघायच्या पेटीत आतून दिवा लावलाय. त्याखाली काळोख. मी बर्फाचा खडा आत टाकला. आवाज आलाच नाही. मी तशीच पडून राहिले. भीती वाटली, आणि त्याहून जास्त, हे आपल्याला बघायला मिळालं याचा आनंद झाला. उठल्यावर मोजे घातलेल्या हातांनी नमस्कार केला. लेननंही टोपी काढली.

तिसऱ्या संध्याकाळी तंबूत मी विषय काढलाच.

"त्यांना तुमचं खरं नाव सांगा ना."

"असू दे गं, सुप्रभा. इट्स ऑल राइट. मजा येते."

"तो माझा शब्द आहे."

"मग तू मला नावानं हाक मार. चंद्रशेखर. म्हणून तर बघ."

मला म्हणता येईना. आमच्या कॉव्हेंट्रीच्या मराठी मंडळातली मीनल नवऱ्याला सर्रास नावानं हाक मारते, तीही एकेरी. मी आयुष्यात एकदाच यांचं नाव घेतलं होतं, लग्नातल्या उखाण्यात, मान खाली घालून. पण उद्यापासून घ्यायचंच, असं मी ठरवून टाकलं. आपला शब्द आपण मोडीत काढायचा, म्हणजे तो कुणालाच नको.

दुसऱ्या दिवशी सकाळी चालता चालता सूर्याभोवती कडं उमटलं. पुरतं, गोल. त्याच्या दोन्ही बाजूंना दोन धाकटे सूर्य. खाली सगळा बर्फ सोन्यासारखा पेटला. माझे डोळे भरून आले, पण सवयीनं मी यांच्या पायांकडे पाहिलं. हे मान वर करून, आ वासून, वाट सोडून डावीकडे चालले होते. तिथे बर्फावर एक करडी, किंचित दबलेली पट्टी होती.

"चंद्रशेखर!" मी ओरडले.

कुणीही वळलं नाही. मोराग चालत राहिली, लेन आणि पॅट चालत राहिले. हेही चालत राहिले.

"अहो!"

चौघंही जागच्या जागी थबकली. तीन कुऱ्हाडी खच्चकन बर्फात रुतल्या. मीही खाली बसून माझी रोवली. दोर दोन्हीकडून ताणला गेला आणि त्याच क्षणी यांच्या पायांखालचा बर्फ खचला. हे कमरेपर्यंत आत गेले आणि तिथेच लटकले. ताणलेल्या दोरानं त्यांना धरून ठेवलं.

आम्ही सगळ्यांनी मिळून त्यांना ओढून काढलं. ते बर्फावर बसले, पांढरेफटक. बाजूच्या भोकातून तोच निळा उजेड वर येत होता. मी त्यांचा हात इतका घट्ट धरला, की ते कळवळले.

"आधी तू काहीतरी ओरडलीस," ते म्हणाले.

"तुमचं नाव."

"ऐकलं मी. वाटलं, दुसऱ्याच कुणाला हाक मारतेयस."

मला एकदम रडू फुटलं. दोरावरच्या आपल्या जागी परतलेला लेन घाबऱ्या आवाजात ओरडला, "इज आहो ऑल राइट?"

मी डोळे पुसले.

"आहो नाही," मी ओरडले. "अहो. नीट म्हणा. अहो!"

तिघांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्या अफाट पांढऱ्या पठारावर, तीन सूर्यांच्या खाली, एका स्कॉटिश मुलीनं आणि दोन म्हाताऱ्या इंग्रजांनी माझ्या नवऱ्याला एका सुरात हाक मारली, "अहो!"

"ओ," हे म्हणाले.