दुसऱ्या तपासणीला

लातुरात क्लासेसच्या भागाला लागून असलेल्या गल्लीत करीमचं गादीचं दुकान. जून लागला की गावोगावची पोरं डॉक्टर व्हायला लातुरात उतरत, खोलीवर टाकायला गाद्या घेत, आणि करीमला जेवायलाही उसंत मिळत नसे. तो कापूस पिंजायचा, बायको अफसाना खोळी शिवायची.

अशा ऐन घाईत अफसानाला सरकारी दवाखान्यातून फोन आला. मोहल्ल्यात फिरणाऱ्या आशाताईच्या आग्रहावरून तिनं गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी करून घेतली होती. त्यात पेशींमध्ये बदल दिसतोय, दुर्बिणीतून पुन्हा बघावं लागेल, असं सिस्टर म्हणाली. अफसानानं बरं म्हणून फोन ठेवला आणि कुणाला काही सांगितलं नाही. तिच्या लेखी या बोलण्याचा एकच अर्थ होता, कॅन्सर. सीझन उरकू दे, मग बघू, असं तिनं मनाशी ठरवलं. पण मशीनवर बसली की शिलाई वाकडी जायची.

ते सासूच्या लक्षात आलं. अमीरबी कडक बाई. पंधरा वर्षांत त्यांनी सुनेचं तोंडावर कधी कौतुक केलं नव्हतं. त्यांनी शेजारी बसून विचारलं, तेव्हा अफसानाच्या तोंडून सगळं बाहेर पडलं. आता बोलणी बसणार म्हणून तिनं मान खाली घातली.

अमीरबींनी मात्र आपल्या नणंदेची, जैतुनबीची हकीकत सांगितली. किल्लारीकडचं तिचं घर भूकंपात बसलं, तिला ढिगाऱ्यातून जिवंत काढलं. पुढं पत्र्याच्या शेडमध्ये राहताना तिच्या अंगावरून अवेळी जाऊ लागलं. तिनं ते कुणालाच सांगितलं नाही. दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरांच्या हाती काही उरलं नव्हतं.

"दगडाखालून निघाली अन् शरमेखाली गेली," अमीरबी म्हणाल्या. "तू न्हाई जायचं तसं. उद्या मी येते संगं."

दुपारी जेवताना करीम चुळबुळला. महिनाभर थांबलं तर चालणार नाही का, असं पुटपुटला. अमीरबींनी लेकाला तपासणी कुठली, कशासाठी, सगळं आडपडदा न ठेवता सांगितलं. आई आपल्यासमोर असलं बोलेल, हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं. ताटावरची नजर न काढता तो म्हणाला, "रिक्षा सांगून ठेवतो."

दवाखान्यात डॉक्टर धम्मप्रिया होत्या, मूळच्या चाकूरच्या. आता गार लागेल, आता औषध लावते, थोडं झोंबेल, असं आधी सांगून मगच त्या हात लावत. तपासायला इवलासा तुकडा काढला तेव्हा अफसानाच्या ओटीपोटात कळ गेली. अमीरबी उशाशी उभ्या होत्या. त्यांचे ओठ हलत होते, दुआ चालली होती. पण अफसानाच्या कपाळावर ठेवलेला हात त्यांनी शेवटपर्यंत काढला नाही. आईच्या माघारी असा हात तिच्या कपाळावर पहिल्यांदाच आला होता.

आठवडाभरानं रिपोर्ट आला. कॅन्सर नव्हता. पुढं कधीतरी झाला असता, असे बदल होते आणि ते वेळेत सापडले होते. डॉक्टरांनी तेवढा भाग उष्णता देऊन जाळला. भरती व्हायचं काम पडलं नाही; वर्षभरानं मात्र न चुकता यायला बजावलं. उठता उठता अमीरबी म्हणाल्या, "आता माझी बी बघा."

त्यांच्या तपासणीत काही निघालं नाही. पण त्या तेवढ्यावर थांबल्या नाहीत. मोहल्ल्यातल्या बायका कुराणखानीला, एकत्र कुराण वाचायला, जमल्या होत्या. दुआ झाल्यावर अमीरबींनी अफसानाकडं बघितलं. तिनं मानेनंच हो म्हटलं, तेव्हा त्यांनी सगळी हकीकत सांगितली, अवयवाचं नाव घेऊन. कुणी पदर तोंडाला लावून हसलं, एक म्हातारी तर उठून गेली. अमीरबी हसू ओसरेपर्यंत थांबल्या आणि पुढं बोलू लागल्या. सगळ्यांच्या मागं बसलेली अफसाना सासूकडं बघतच राहिली.

पुढच्या सोमवारी त्यातल्याच दोघी-तिघी त्यांच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांना तपासणीला जायचं होतं. अमीरबींनी बुरखा चढवला आणि आत हाक मारली, "अफसाना, तू बी चल. काय काय करतेत, तूच सांग ह्यान्ला."

अफसाना चपला घालून निघाली आणि रस्ताभर सांगत राहिली.