पहिल्या रांगेतला अर्धा बाक

मी चर्चमधला बाक बोलतोय. अख्खा म्हणवत नाही, कारण माझा उजवा भाग आता माझ्याजवळ नाही. पाठ मात्र ताठ आहे आणि ऐकलेलं सगळं लक्षात आहे.

एका गृहस्थांनी आपल्या आईच्या आठवणीसाठी मला घडवून घेतलं आणि चर्चला दिलं. माझ्या पाठीवर आईच्या नावाची पितळी पट्टी आहे. ते गेल्यावर त्यांची मुलगी माझ्यावर बसू लागली. तिला सगळी मंडळी आत्या म्हणते. सख्खे भाचे दोनच, बाकी सगळं चर्च मानलेलं. आत्यांची जागा उजवीकडची, अगदी कडेची. तिथं चुकून कुणी बसलं तर त्या काही बोलत नसत, नुसत्या शेजारी येऊन उभ्या राहत. त्या उभं राहण्याला भलेभले टरकायचे.

चर्चमध्ये एक निवृत्त मास्तरीणबाई येतात, चाकांच्या खुर्चीवरून. बाकांमधली वाट अरुंद, म्हणून त्यांची खुर्ची मागं दाराशी, छत्र्यांच्या स्टँडजवळ असायची. त्यांच्या यजमानांना ऐकू कमी येतं, म्हणून ते पुढं, माझ्यावर डावीकडं. जन्मभराचा संसार, आणि देवापुढं दोघं दोन टोकांना! गाणं सुरू झालं की यजमान सवयीनं पुस्तक शेजारी सरकवायचे. शेजारी कुणीतरी परकाच असायचा.

हे चर्चच्या पाळकांच्या, म्हणजे धर्मगुरूंच्या, डोळ्यांना खुपलं. त्यांनी पंचमंडळाची बैठक घेतली आणि ठरलं, पहिला बाक उजवीकडून कापायचा आणि तिथं खुर्चीला जागा करायची. नव्या सुनेला सगळं ठरल्यावर का होईना, ‘तुला चालेल ना?’ असं विचारतात. मला तेवढंही कुणी विचारलं नाही. माझं सोडा, आत्यांनाही विचारलं नाही. मंडळाच्या चिटणीसांनी एक सूचना फलकावर लावली. त्या फलकाकडं लोक जातात ते शेजारचं पंख्याचं बटण दाबायला.

शनिवारी सुतार आला. रविवारी आत्या आल्या, नेहमीच्या सवयीनं बसायला वाकल्या आणि पुढं नुसती जमीन पाहून तशाच थबकल्या.

“माझी जागा कुठं गेली?”

मास्तरीणबाई बिचाऱ्या नव्या जागेत खुर्ची घेऊन आल्या होत्या. त्या खाली मान घालून बसल्या, जणू करवत त्यांनीच चालवली होती. आत्या निघून गेल्या. दुपारी थोरल्या भाच्याचा निरोप आला, “आमचा बाक आम्ही घरी नेतो. यापुढं आम्हीही येणार नाही.”

आठवडाभर चर्चचे दोन तट. मला धास्ती वेगळीच. भाच्याच्या घरी मी ओसरीवर पडणार आणि माझ्यावर चपला ठेवणार, हे ठरलेलं.

पुढच्या रविवारी उपासनेनंतर सगळ्यांना थांबवलं. आत्याही त्या भाच्याला घेऊन आल्या, पण मागं उभ्या राहिल्या. सुरुवात होण्याआधी चिटणीस पाळकांच्या कानाशी लागले. “सुतारानं चुकून जास्त कापलं म्हणा की. तो कुठं आपल्या चर्चचा आहे!”

“खूण आपण करून दिली होती,” पाळक म्हणाले. “पेन्सिल तुमच्याच हातात होती.”

ते वरच्या व्यासपीठावर चढले नाहीत. साधी खुर्ची ओढून सगळ्यांसमोर बसले. वरून बोललं की लोक ऐकतात, पण उलट बोलत नाहीत. त्यांना बहुतेक उलट बोलणारीच माणसं हवी होती.

“बाक कापायचं मी सुचवलं, पंचांनी मान्य केलं,” ते म्हणाले. “नवरा-बायकोला एकत्र बसता यावं एवढंच कारण. तो निर्णय बरोबर होता असं मला आजही वाटतं. पण आत्यांना आधी भेटायला हवं होतं. मी गेलो नाही. त्या नाही म्हणतील अशी भीती वाटली, म्हणून गेलो नाही. ती चूक माझी आहे. निर्णय बरोबर होता म्हणून ती लहान होत नाही.”

“छान बोललात,” मागून आत्या म्हणाल्या. “बोलण्यानं लाकूड जुळतं का?”

“नाही जुळत.”

“मग बाक द्या आमचा.”

चिटणीस घाईनं म्हणाले, “द्या ना पाळकसाहेब, मिटवून टाका एकदाचं!”

पाळकांनी मान हलवली. “आत्या, तुमचं मागणं रास्त आहे. पण ते मी इथल्या इथं ठरवणार नाही. चार जणांनी ठरवून बाक कापला, त्याचंच हे झालंय. आता एकट्यानं देऊन कसं टाकू? सगळी मंडळी बसून ठरवेल. पहिलं तुम्ही बोलायचं. ठरेल ते मी मानेन.”

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. भाचा पुटपुटला, “म्हणजे आता आणखी एक बैठक!” दोघं-तिघं हसले.

आत्या पुढं आल्या. मास्तरीणबाईंनी खुर्ची मागं घ्यायला चाकाला हात लावला, तशा आत्या कडाडल्या, “तुम्ही कुठं निघालात? भांडण माझं यांच्याशी आहे!”

मग त्यांनी माझ्या कापलेल्या कडेवरून तळवा फिरवला आणि झटकन मागं घेतला. बोटात लाकडाचं कुसळ शिरलं होतं. ते काढता काढता त्या पाळकांना म्हणाल्या, “बैठक घ्या. मी येईन. तोवर ही कड तरी घासून घ्या. माणसं बसतात इथं.”

ती बैठक अजून व्हायची आहे. मी राहतो की जातो, ठाऊक नाही. कड मात्र पाळकांनी स्वतः घासली, पॉलिशपेपरनं, जरा वाकडीतिकडी. आत्या सध्या दुसऱ्या रांगेत बसतात आणि पाळकांशी मोजकंच बोलतात. माझ्या डाव्या टोकाचे यजमान आता उजवीकडं सरकलेत. पुस्तक सरकवलं की ते धरणारा हात ओळखीचा असतो.

माझी एवढीच विनंती आहे. कापायचं असेल तर कापा बाबांनो, लाकडाचा जन्मच त्यासाठी. पण आधी येऊन सांगा. आणि नंतर कुणी जाब विचारला, तर करवत दुसऱ्याच्या हातात देऊ नका.