होड्या खोडल्या तेव्हा

धोरणाचा मसुदा आमच्याकडे तयारच आला. परदेशातल्या मोठ्या संस्थेने तो लिहायचा, आमच्या आरोग्य खात्याने आपल्या भाषेत आणायचा आणि मंत्र्यांनी स्वतःचा म्हणून वाचून दाखवायचा, अशी आमची रीत. भाषांतर करणारी मी. मध्येच एका ओळीवर थबकले: किनाऱ्यावरच्या गरोदर स्त्रियांना होडीने मोठ्या रुग्णालयात न्यावे.

आमच्या देशाला समुद्रच नाही. शेजारच्या टेबलावरची टायपिस्ट हसून हसून बेजार झाली. "वल्ही कोण मारणार, मंत्रीसाहेब?"

कुठल्यातरी बेटांच्या देशासाठी लिहिलेलं जसंच्या तसं आमच्या गळ्यात मारलं होतं. मीही हसले. पान उलटलं आणि हसू मावळलं. खेड्यापाड्यांतली छोटी प्रसूतिगृहं बंद करायची, बाळंतपणं फक्त मोठ्या रुग्णालयात.

डोंगरापलीकडे आमच्या गावातलं असंच एक प्रसूतिगृह माझी वहिनी चालवायची. रीतसर शिकलेली सरकारी नर्स. दोन खोल्या, चुन्याच्या भिंती, कोपऱ्यात सतत उकळणारं पाणी. माझी दोन्ही मुलं तिच्याच हातची. "नणंदबाई, आत्ता मनसोक्त ओरडून घ्या, पुढे हे मूल तुम्हाला बोलू देणार नाही," असं म्हणून तिने मला कळांमध्येही हसवलं होतं.

मी मसुदा घेऊन तडक सचिवसाहेबांकडे गेले. "साहेब, हे आपल्यासाठी लिहिलेलंच नाही. यात होड्या आहेत."

ते ओशाळले. "बरं झालं सांगितलंत. सगळीकडे हसं झालं असतं." त्यांनी होड्या खोडून तिथे वाहने लिहिलं.

"आणि प्रसूतिगृहं?"

"त्याला हात लावता येत नाही, बाई. ती संस्थेची अट आहे. नाही म्हटलं तर क्षयाची औषधं थांबतील. तीही त्यांच्याकडूनच येतात."

माणूस खोटं बोलत नव्हता. मी टेबलावर परतले आणि भाषांतर पूर्ण केलं.

वहिनीच्या खोल्यांना कुलूप लागलं. बायकांना गाडीत बसवून शहरात पोचवायचं, एवढंच काम तिच्याकडे उरलं. पुढे एकदा दरड कोसळून घाट बंद झाला आणि कळा सुरू झालेली सुताराची लेक गाडीतच अडकली. ही लेकही वहिनीनेच जगात आणलेली. रक्त थांबवायची इंजेक्शनं सरकारने शहरात हलवली होती. वहिनीने करता येईल ते सगळं केलं. बाळ वाचलं, लेक गेली.

काही दिवसांनी संस्थेचा सल्लागार पाहणीला आला. सचिवसाहेब सोबत, आणि दुभाषी म्हणून मी. कुलूपबंद दारासमोर उभं राहून त्याने विचारलं, "इथे आता किती बाळंतपणं होतात?"

"एकही नाही," वहिनी म्हणाली. तो समाधानाने हसला.

मग तिने सुताराच्या लेकीचं सांगितलं. मी एक शब्दही गाळला नाही. ऐकता ऐकता त्याने चष्मा काढून डोळे पुसले. त्याचं वाईट वाटणं खरं होतं, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

"काय म्हणतोय तो?" वहिनीने विचारलं.

"फार वाईट वाटलं म्हणतोय."

"मग म्हणावं, कुलूप उघड."

मी विचारलं. तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "आम्ही फक्त सल्ला देतो. निर्णय तुमच्या सरकारचा असतो."

मी साहेबांकडे पाहिलं. ते मान खाली घालून पुटपुटले, "आमच्या हातात काय आहे? अट त्यांची."

दोघांचंही मी वहिनीला सांगितलं. नातवाला कुशीत घेऊन सुतार रस्त्यापलीकडे उभा होता.

"तो मला रोज विचारतो, हे बंद कुणी केलं," ती म्हणाली. "काय सांगू त्याला?"

"काय म्हणतायत त्या?" सल्लागाराने विचारलं.

मी तेही भाषांतर केलं. त्याने साहेबांकडे पाहिलं. साहेब त्याच्याकडे पाहत होते.