गोमाईच्या रेतीची वाट

"खाली बघून चाल, बिनणी. पायाखाली मुंगी येईल."

प्लेगच्या साली लहरीबाई नवी नवरी होऊन शहाद्याला आली, तेव्हा सासूने, हुलासबाईंनी, उंबऱ्यावरच तिला हे बजावलं होतं. आता त्याच सासूला सुनेचं नाव आठवत नव्हतं, जेवण झालं की नाही तेही आठवत नव्हतं. मान मात्र अजून खालीच असायची, आणि पाय थांबत नव्हते. परवा हुलासबाई कपाशीच्या बैलगाड्यांमधून वाट काढत थेट गोमाई नदीच्या पात्रात जाऊन उभ्या राहिल्या. सगळ्या बाजाराने पाहिलं.

"लोहाराला साखळी सांगितली आहे," नवरा, पारसमल, लहरीबाईला म्हणाला. "उद्या आईच्या पायात घालतो. माझी अब्रू वेशीला टांगायला निघाली आहे ती."

विसर नुकता पडू लागला होता, तेव्हा सासूने लहरीबाईचा हात घट्ट धरून म्हटलं होतं, "मला बांधू देऊ नकोस." तिने हो म्हटलं होतं. दिलेला शब्द तिच्या लेखी नेमासारखाच होता, मोडायचा नसतो.

"मागच्या वाडग्यात, कुंपणाच्या आत, फिरू द्या ना त्यांना," ती हळूच म्हणाली.

"आणि विहीर?" माहेरी राहिलेली नणंद, धनकंवर, फणकारली. "माँ विहिरीत गेली की तू मोकळी, माळ ओढत बसायला!"

त्याच दुपारी कामाच्या दगूबाईने मागच्या दारात काळं घोंगडं जमिनीवर वाळत टाकलं. सासू तिथवर आल्या, समोर खड्डा दिसावा तशा दचकल्या आणि माघारी फिरल्या.

लहरीबाई बघतच राहिली. घरचे सगळे दारांना कड्या लावत बसले होते, आणि सासू तर वर बघतच नव्हत्या; त्यांना अडवत होतं ते पायाखालचं काळं.

लहरीबाई आणि दगूबाई दोघींनी गोमाईची पांढुरकी रेती पाटीपाटीने आणली. लहरीबाईने आधी मऊ कुंच्याने मुंग्या बाजूला सारल्या, मग वाट घातली: मागच्या दारातून निघून लिंबाला वळसा, विहिरीजवळून पुढे, पुन्हा त्याच दारात. विहिरीभोवती शेतातल्या काळ्या मातीचा रुंद पट्टा चोपून बसवला.

"बाई, हाई वाट ते कोठेच जात नही," दगूबाई हसू लागली.

"घरी येते की."

दुसऱ्या दिवशी पारसमल हातात साखळी घेऊनच वाडग्यात आला. धनकंवरने शेजारणींना हाका मारल्या, "या गं, शेठाणीची रांगोळी बघा!"

सासू बाहेर आल्या. रेतीवरून लिंबापर्यंत गेल्या, वळल्या. विहिरीपाशी काळ्या पट्ट्याजवळ त्यांनी पाऊल मागे घेतलं, लुगडं सावरलं, "पडेन मी," असं पुटपुटल्या आणि रेतीरेतीने दारात परतल्या. तिथून पुन्हा निघाल्या.

शेजारणी हसायच्या थांबल्या. तेच पारसमलला जास्त झोंबलं. त्याने वाटेवर लाथ मारून रेती उधळली.

"वाऱ्याने उडेल, ढोरं तुडवतील. साखळी ही इथे खुंटीला टांगतो. ज्या सकाळी वाट मोडलेली दिसेल, त्या सकाळी घालीन. कळलं?"

"हो," लहरीबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता तिची सामायिक, जैनांची रोजची ध्यानाची बैठक, आटोपली. मागचं दार उघडलं तर लिंबापासून विहिरीपर्यंत वाट खराट्याने साफ झाडून टाकलेली. धनकंवर ओट्यावर दात घासत बसली होती.

"रात्री वारा फार सुटला होता, भाभी."

"असेल, बाईसा."

पारसमल अजून उठला नव्हता. खोलीत सासू चालण्यासाठी चुळबुळत होत्या. लहरीबाईने दगूबाईला त्यांच्यापाशी बसवलं, पदर डोक्यावर ओढला, पाटी उचलली आणि खाली बघत नदीच्या रस्त्याला लागली.