वर्षाचं उत्पन्न

मामलतदार कचेरीतले पंखे इतके हळू फिरत होते की वाटलं, सगळी इमारत पाण्याखाली आहे आणि आम्ही मासे, अर्ज तोंडात धरून तरंगतोय. उन्हात फायलींची धूळ सोनेरी झाली होती. त्या धुळीत मला बाबा दिसले, सुभानपुऱ्यातल्या आमच्या घराचे तीन जिने न थांबता चढताना.

खरे बाबा घरी पडून होते. हृदयाची झडप बदलायची होती. सरकारी कार्ड निघालं तरच ते ऑपरेशन होणार, आणि कार्डासाठी वर्षाचं उत्पन्न चार लाखांच्या आत असल्याचा दाखला हवा. गेल्या आठवड्यात आजोबांनी पाच लाख सांगितले आणि अर्ज परत आला. घरात कमावते एकटी आई, महिन्याला वीस हजार. पण आमचे पूर्वज संस्थानच्या फौजेत, आणि साक्षीला शेजारचे भास्करराव. त्यांच्यापुढे गेले दहा महिने बाबा 'लांब रजेवर' आहेत.

आजही साक्षीला भास्कररावच.

"दादा, घरनी आवक केटली?" खिडकीतल्या बाईंनी गुजरातीत घरचं उत्पन्न विचारलं.

आजोबांनी मिशीवरून हात फिरवला. "पाच..."

दहावीत वर्गप्रतिनिधी झाल्यापासून माझा आवाज आधी पोचतो आणि मी मागून. "पाच नाही, बेन," मी गुजरातीत सांगून टाकलं. "बाबांची नोकरी गेलीये."

"राजनंदिनी, तुला कोणी विचारलं?"

"बाबांना उठवून बसवायला मलाच हाक मारता ना, आजोबा?"

बाई म्हणाल्या, अर्जदारानेच सांगायला हवं. आजोबांनी भास्कररावांकडे पाहिलं.

"दत्ताजीराव, सही कुठे करू?" भास्करराव आजोबांजवळ सरकले. "चष्मा घरी राहिला. मला काही वाचता येणार नाही."

चष्मा त्यांच्या खिशातून डोकावत होता. आजोबा त्याच्याकडे बघत राहिले. मग बाईंना, पण भास्कररावांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "दोन लाख चाळीस हजार. सून कमावते."

शिक्का बसला. दाखला चार वाजता मिळणार होता. आम्ही बाकावर बसलो.

"समरजित रजेवर नाही हो," आजोबा म्हणाले.

"ठाऊक आहे," भास्करराव म्हणाले. "चहा घेणार?"

आजोबांनी मान डोलावली आणि माझ्याकडे वळले. "आणि मग कार्डासाठी कुठल्या खिडकीवर जायचं गं?"

त्यांनी मला विचारलं होतं.