उठवलं की चिथावलं

मैत्री गेली त्याला सोळा दिवस झाले होते, तरी हजेरीपटावरचं तिचं नाव प्रतिभानं कापलं नव्हतं. सहावीची पोर. शाळा हायवेच्या या अंगाला, गाव त्या अंगाला. मधल्या चार पट्ट्या लेकरं रोज जीव मुठीत धरून ओलांडायची. तेलंगणातल्या गुडीहत्नूरच्या अलीकडंच, रस्ता ओलांडताना, कंटेनर ट्रकनं तिला उडवलं. गाव दोन दिवस रडलं आणि मग नशिबाला बोल लावून गप्प बसलं.

प्रतिभा त्या मराठी शाळेत इंग्रजी शिकवायची. सतराव्या दिवशी शाळा सुटल्यावर ती मैत्रीच्या घरी गेली. मैत्रीची आई चंद्रभागा भिंतीला टेकून बसली होती, भोवती शेजारच्या बाया.

"चंद्रभागाताई, आज तुमची गेली. उद्या कोणाची जाईल?" प्रतिभा म्हणाली. "हायवेच्या खालून जायला रस्ता मागा. तुम्ही मागितल्याशिवाय कोणी देणार नाही."

"आमचं कोन ऐकते, मॅडम?"

"तुम्ही कोणाला सांगितलंय कुठं अजून?"

चंद्रभागा मग उठली, तोंडावर पाणी मारलं आणि म्हणाली, "काय लिवाचं ते लिवा. मी येतो."

सोमवारी अकरा बाया आदिलाबादला, कलेक्टरच्या प्रजावाणीत, म्हणजे दर सोमवारच्या तक्रार दरबारात, अर्ज घेऊन गेल्या. पोच मिळाली. पुढच्या सोमवारी पुन्हा गेल्या, तिसऱ्या सोमवारीही गेल्या. चौथ्या सोमवारी आदिलाबादला जायचं सोडून त्या सरळ हायवेवर जाऊन बसल्या. प्रतिभाला ते ठाऊकही नव्हतं. ती सातवीच्या वर्गात होती आणि हॉर्नच्या गोंगाटात तिचा आवाज पोरांपर्यंत पोचत नव्हता. दोन तास ट्रक अडले. पोलिसांनी अकराही नावं लिहून घेतली.

आठवड्यानं शिक्षण खात्याचा एक अधिकारी, बायांच्या मागं शाळेतलं कोण आहे, याच्या चौकशीला आला. शाळेच्या ओट्यावर खुर्ची टाकून त्यानं बायांना तेलुगूत विचारलं, "तुम्हाला कोणी उठवलं?"

चंद्रभागेला बाजारापुरती तेलुगू येत होती. ती ताठ मानेनं पुढं झाली. मॅडमची तारीफ करायची संधी तिला आयुष्यात पहिल्यांदाच मिळत होती. "मॅडमे लेपिंदी," ती म्हणाली. मॅडमनंच उठवलं. आम्ही मेल्यासारख्या पडलो होतो, मॅडमनं जागं केलं. अधिकाऱ्यानं मान हलवली, इंग्रजीत एक ओळ लिहिली आणि खाली तिची सही घेतली.

प्रतिभाच्या हातात मेमो पडला तेव्हा त्यात चंद्रभागेचा जबाब होता. द टीचर इन्स्टिगेटेड अस. शिक्षिकेनं आम्हाला चिथावलं. प्रतिभानं तो शब्द तीनदा वाचला. अर्थ तिला पाठ होता, तरी तिनं डिक्शनरी काढली. चिथावणे, भडकावणे, फूस लावणे. वाईट कामाला लावणे. चांगल्या कामासाठी हा शब्द वापरत नाहीत, हे तिनं स्वतः पोरांना शिकवलं असतं.

दुसऱ्या दिवशी ती अधिकाऱ्याच्या टेबलापुढं उभी राहिली. "सर, त्या बाईनं 'जगाया', जागं केलं, असं म्हटलं. तुम्ही भडकाया लिहिलंत," तिनं हिंदीत सांगितलं. "दोन्ही एक नाहीत."

माणूस दुष्ट नव्हता. त्यानं तिला बसायला सांगितलं, चहा मागवला. "मॅडम, फाइल में जगाया नहीं चलता," तो म्हणाला. "जगाना तो गुनाह नहीं. फिर मैं इन्क्वायरी किस बात की किया?"

"मग मी लिहून देते की मी चिथावलं नाही."

"दे सकते. मगर फिर वो औरतां अपनी मर्जी से बैठे, ऐसा होता. पहला नाम चंद्रभागा का है. केस उसके ऊपर जाती. आप मान लिए तो वो बेचारियां बहकावे में आए, ऐसा लिख सकता मैं."

चहा निवून गेला. प्रतिभानं कोरा कागद मागितला. होय, मी त्यांना चिथावलं, असं तिनं आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं. तो शब्द लिहिताना स्पेलिंग चुकलं नाही, याचाच तिला राग आला.

ती तीन महिने निलंबित झाली. मग बदली झाली दूर, उटनूरच्याही पुढं, जिथं मराठी शाळाच नव्हती. आणि केस? ती अकराही जणींवर तशीच राहिली. पोलिसांची फाइल वेगळी, खात्याची वेगळी. एकीतला कागद दुसरीत जात नाही, हे तिला बायांच्या वकिलानं पुढं कधीतरी सांगितलं. बायांची तारीख पडली की मजुरी बुडायची. घरचे पुरुष विचारायचे, कोणी सांगितलं होतं मोठेपणा करायला?

निघायच्या आदल्या दिवशी प्रतिभा चंद्रभागेकडं गेली. जबाबात काय लिहिलं होतं ते तोवर गावभर झालं होतं. चंद्रभागा दारातच उभी होती. आत या म्हणाली नाही.

"मी तं तुमचं चांगलंच सांगितलं होतं, मॅडम."

"मला माहीत आहे."

"मंग असं काऊन झालं?"

प्रतिभा म्हणाली, "सोमवारी मी बदलीच्या कागदांसाठी आदिलाबादलाच असेन. येता का? आणखी एक अर्ज देऊ."

चंद्रभागेनं मान हलवली. "नाई. आता कोनी येत नाई. तुमी बी कोनाले म्हनू नका." मग आवाज खाली आणून म्हणाली, "पडून होतो तेच बरं होतं. पोरगी तं तशीबी गेली."

प्रतिभा वळली. शाळा सुटायची वेळ होती. दुभाजकाच्या फटीत पंधरा-वीस लेकरं एकमेकांचे हात धरून उभी होती. लोखंड भरलेले ट्रक एकामागं एक जात होते. एक गेला, दुसरा गेला. रस्ता मोकळा होण्याची वाट बघत प्रतिभाही कडेला उभी राहिली.